दुसऱ्या इकोची तारीख

हार्ट अटॅक आलेल्या माणसाचे नातेवाईक पहिल्या रात्री आयसीयूच्या दाराशी डॉक्टरांना विचारतात, "वाचतील ना?" दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलतो. "डॉक्टर, पंपिंग किती आहे?" गावाकडून फोन करणारे चुलते, मेहुणे, शेजारी, सगळ्यांना तोच आकडा हवा असतो. 'चाळीस' म्हटलं की चेहरे उतरतात, कारण शंभरातले साठ गेले असा हिशेब मनात झालेला असतो. मुळात निरोगी हृदयसुद्धा शंभर टक्के रक्त बाहेर टाकत नाही. डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी पुरुषांत ५२ ते ७२ टक्के आणि बायकांत ५४ ते ७४ टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर पडतं, बाकीचं आतच राहतं. हे निरोगी माणसाचं मोजमाप आहे. डॉक्टरांच्या भाषेत या टक्केवारीला इजेक्शन फ्रॅक्शन, थोडक्यात ईएफ म्हणतात, आणि तो बहुतेक वेळा टूडी इकोवरून काढतात.

इकोच्या खोल्यांत बसून, डिस्चार्ज कार्डं वाचून आणि घरी गेलेल्या रुग्णांशी बोलून माझं एक मत पक्कं झालं आहे. झटका आलेल्या माणसाला पुढे किती धोका आहे हे ओळखायला इकोइतकं हाताशी असलेलं दुसरं साधन नाही. आणि आपण त्यातला एकच आकडा, तोही फार लवकरचा, उचलून घरी नेतो.

इकोला झटक्याबद्दल एवढं का कळतं, याचं उत्तर इकोच्याही आधीचं आहे. १९३५ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला रॉबर्ट टेनंट आणि कार्ल विगर्स यांनी प्रयोगशाळेतल्या कुत्र्याच्या हृदयाची एक धमनी बांधून पाहिली. मिनिटभराच्या आत त्या धमनीवर जगणारा स्नायू आकुंचन पावायचा थांबला. बाकीचं हृदय आकसत होतं तेव्हा तेवढा भाग उलट बाहेर फुगत होता. पुढे १९८७ साली नेस्टो आणि कोवालचुक यांनी हा सगळा क्रम मांडला. रक्त कमी पडलं की स्नायूला आधी नीट सैल होता येत नाही, मग त्याचं आकसणं बिघडतं, त्यानंतर ईसीजी बदलतो आणि छातीत दुखणं सगळ्यात शेवटी येतं. म्हणजे माणूस छातीवर हात ठेवतो तोवर हृदयाच्या भिंतीची हालचाल बिघडलेली असते. ती डोळ्यांना दिसली, तर ईसीजी गप्प असतानाही रोग पकडता येतो. हृदयाच्या मागच्या बाजूच्या झटक्यात हे खरंच घडतं. नेहमीच्या बारा लीडच्या ईसीजीत तो झटका पुष्कळदा नीट उमटत नाही आणि इकोवर मागची भिंत थांबलेली दिसते.

ती भिंत बघायचं साधन आलं जहाजांच्या कारखान्यातून. स्वीडनमधल्या लुंडला इंगे एड्लर हे हृदयरोगतज्ज्ञ होते. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप आकसलेल्या रुग्णांवर तेव्हा नुकत्याच शस्त्रक्रिया होऊ लागल्या होत्या, पण ती झडप गळतेही आहे का, हे छाती उघडण्याआधी खात्रीने सांगता येत नव्हतं. त्याच गावातले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेलमुट हर्ट्झ यांच्यापाशी त्यांनी ही अडचण मांडली. हर्ट्झना एक गोष्ट ठाऊक होती. धातूच्या आतली भेग शोधायला कारखान्यांत ध्वनिलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी मोजतात. माल्मोच्या कोकम्स गोदीत असं एक यंत्र होतं. ते त्यांनी एका शनिवार-रविवारपुरतं वापरायला मिळवलं आणि स्वतःच्या छातीवर टेकवलं. पडद्यावर एक खूण हृदयाबरोबर मागेपुढे सरकताना दिसली. त्यांचे वडील गुस्ताव हर्ट्झ १९२५ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी होते आणि त्यांनी सीमेन्सच्या संशोधन प्रयोगशाळेत काम केलेलं होतं. त्या ओळखीवर सीमेन्सचं यंत्र लुंडला आलं. २९ ऑक्टोबर १९५३ रोजी एड्लर आणि हर्ट्झ यांनी हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद केली. १९७७ साली दोघांना लास्कर पुरस्कार मिळाला.

दोघांचं लक्ष झडपेवर होतं, झटक्यावर नव्हतं. त्या यंत्रात एकाच रेषेवरचं दिसायचं. १९६३ पासून इंडियानापोलिसला हार्वे फायगेनबाम यांनी हे तंत्र हट्टाने रुजवलं, सत्तरच्या दशकात हलतं द्विमितीय चित्र आलं, आणि नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या लीव हाट्ले यांनी डॉप्लरने रक्ताचा वेग मोजून त्यावरून आतला दाब काढायची रीत बसवली. आज तालुक्याच्या गावातही 'टूडी इको, कलर डॉप्लर' अशी पाटी दिसते, तिच्यामागे एवढा प्रवास आहे.

जिल्ह्याच्या गावातल्या एका हृदयरुग्णालयातली इकोची खोली. खिडकीला जाड पडदा, आत फक्त पडद्याचा उजेड. पन्नाशीचे एक ऊस पिकवणारे शेतकरी दोन दिवसांपूर्वी इथे आले होते. पुढच्या बाजूची मोठी धमनी, एलएडी, बंद होती. तिच्यात स्टेंट टाकून झाला आहे.

"काका, डाव्या कुशीवर व्हा. डावा हात डोक्याखाली घ्या. जेल जरा गार लागेल हं."

कुशीवर वळवलं की हृदय छातीच्या भिंतीशी येतं आणि मधली फुफ्फुसाची हवा बाजूला होते. हवेतून अल्ट्रासाऊंड पुढे जात नाही. म्हणून तर जेल लावायचं आणि म्हणूनच "श्वास सोडा, धरा, आता घ्या" हे सारखं चालतं. डॉक्टरबाईंनी प्रोब डाव्या स्तनाखाली, हृदयाच्या टोकाशी टेकवला. पडद्यावर चार कप्पे उभे राहिले, टोक वरच्या बाजूला. बुडाशी भिंत प्रत्येक ठोक्याला आत येत होती, जाड होत होती. मध्यावर ती मंदावली. टोकाला काहीच नाही. आजूबाजूच्या ओढीने तेवढा भाग डोलत होता, पण स्वतः आकसत नव्हता. बाईंनी चित्र थांबवलं, ट्रॅकबॉलने कप्प्याच्या आतून रेघ ओढली, मग आकसलेल्या क्षणाच्या चित्रावर तशीच दुसरी. भरलेला असताना ११८ मिलिलिटर, आकसल्यावर ७१. ईएफ ४० टक्के.

इथे नातेवाईकांचा प्रश्न संपतो. बाईंचं काम मात्र अर्धंही झालेलं नव्हतं. त्यांनी मायट्रल झडपेवर रंग टाकला आणि गळती पाहिली. झडपेतून रक्त आत येण्याचा वेग मोजला, मग झडपेच्या कडेच्या स्नायूचा वेग मोजला. उजवा कप्पा पाहिला. फुफ्फुसांवर प्रोब फिरवला. शेवटी टोकाकडे परतून चित्र मोठं केलं आणि थांबलेल्या भिंतीला रक्ताची गुठळी चिकटली आहे का ते बराच वेळ शोधलं. काकांनी मान वळवून विचारलं, "डॉक्टर, झालं का?" "अजून दोन मिनिटं हं काका. श्वास धरा."

या मोजमापांत काय दडलेलं असतं ते एकेक सांगायला हवं, कारण धोका तिथे आहे.

आधी भिंत. इकोत डाव्या कप्प्याच्या भिंतीचे सोळा किंवा सतरा भाग कल्पून प्रत्येकाला गुण देतात. नीट आकसतो त्याला १, कमी आकसतो त्याला २, अजिबात हलत नाही त्याला ३, उलटा फुगतो त्याला ४. गुणांची सरासरी एकच्या जितकी वर, तितकं नुकसान मोठं. ईएफ असताना हे कशाला, असं वाटेल. पण पालखीच्या एका भोयाचा पाय मुरगळला तर बाकीचे खांदे जास्त रेटा देतात आणि पालखी वेगात पुढे जाते. लांबून बघणाऱ्याला काही कळत नाही. झटक्यानंतरच्या पहिल्या दिवसांत निरोगी भिंती अशाच जोर लावतात. ईएफ ५२ दिसतो आणि एक अख्खी भिंत मेलेली असते. गुणांच्या हिशेबात ती भिंत लपत नाही.

मग आतला दाब. हृदय फक्त पिळून रक्त बाहेर टाकत नाही, त्याला सैल होऊन रक्त आत घ्यावंही लागतं. ताठरलेल्या कप्प्यात रक्त शिरताना दाब चढतो आणि तो मागे फुफ्फुसांत पोचतो. झडपेतून येणाऱ्या रक्ताचा वेग भागिले स्नायूचा वेग, या गुणोत्तरावरून, ज्याला ई बाय ई-प्राइम म्हणतात, तो दाब ताडता येतो. मेयो क्लिनिकमध्ये झटक्याच्या २५० रुग्णांत हे मोजलं होतं आणि २००४ साली निष्कर्ष आला. गुणोत्तर १५ च्या वर असणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त होतं आणि हा अंदाज ईएफपेक्षा वेगळी माहिती देत होता. पुढे २००८ साली वेगवेगळ्या अभ्यासांतल्या ३,३९६ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हाही तेच दिसलं. ज्याच्या हृदयात रक्त ताठरपणे भरतं त्याला धोका जास्त, मग ईएफ कितीही असो.

डाव्या वरच्या कप्प्याचा आकार हाही तसाच बोलका. दाब महिनोन् महिने चढलेला असेल तर तो कप्पा फुगलेला असतो. म्हणजे परवाच्या झटक्याआधीची जुनी दुखणीही तिथे नोंदलेली सापडतात. आणि मायट्रल झडपेची गळती. स्टेथोस्कोपला ती पुष्कळदा ऐकू येत नाही, इकोवर दिसते, आणि झटक्यानंतर तिची थोडीशी मात्रासुद्धा पुढच्या काही वर्षांचं चित्र बदलते.

आता एक गोष्ट मला खटकते. झटक्याच्या रुग्णाचा धोका मोजायची सगळ्यात रूढ पट्टी म्हणजे ग्रेस स्कोअर. त्यात वय, नाडी, रक्तदाब, क्रिएटिनिन, ईसीजीतला बदल, ट्रोपोनिनसारखी रक्ततपासणी, आल्या आल्या हृदय थांबलं होतं का, आणि किलिप वर्ग, अशा आठ गोष्टी येतात. इकोची एकही नाही. किलिप वर्ग १९६७ चा आहे. टॉमस किलिप आणि जॉन किंबॉल यांनी न्यूयॉर्कमध्ये २५० रुग्ण तपासून चार वर्ग पाडले होते. फुफ्फुसं स्वच्छ असलेल्यांत मृत्यू ६ टक्के, थोडी घरघर असेल तर १७, फुफ्फुसांत पाणी भरलेलं असेल तर ३८, आणि शॉकमध्ये, म्हणजे रक्तदाब कोसळलेला असेल तर, ८१. खाटेजवळ उभं राहून कानाने केलेलं हे वर्गीकरण आजही टिकून आहे आणि त्याला माझा नमस्कार आहे. पण कानाला घरघर ऐकू यायच्या आधी इकोचाच प्रोब फुफ्फुसावर ठेवला तर पाण्याच्या उभ्या रेघा दिसतात. स्कोअर काढावाच, पण तो काढून इकोकडे फक्त ईएफसाठी बघणं म्हणजे हातातली माहिती टाकून देणं आहे.

पहिल्या तासात मात्र इकोला मागे राहावं लागतं. ईसीजीवर धमनी पूर्ण बंद झाल्याचं स्पष्ट दिसत असेल तर रुग्ण कॅथलॅबमध्ये गेला पाहिजे किंवा त्याला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं पाहिजे. चित्रासाठी तिथे थांबायचं नाही. युरोपीय हृदयरोग संघटनेची २०२३ ची मार्गदर्शक सूत्रंही हेच सांगतात. तातडीचा इको हवा तो शॉकमधल्या रुग्णाला, किंवा आत काही फाटल्याची शंका असेल त्याला.

हे फाटणं प्रत्येक डॉक्टरच्या मनात घर करून बसलेलं असतं. झटक्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात मेलेला स्नायू कच्चा होतो. दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक पडतं, किंवा बाहेरची भिंत फुटते, किंवा मायट्रल झडपेला ओढून धरणारा खुंटासारखा स्नायू तुटतो. वेळेवर धमनी उघडलेल्या रुग्णांत यातलं प्रत्येक संकट आता शंभरात एकापेक्षाही कमी जणांवर येतं, पण येतं तेव्हा काही तासांचा खेळ असतो. झडपेला धरणाऱ्या मागच्या स्नायूला बहुतेकांत एकाच धमनीतून रक्त मिळतं. म्हणून खालच्या भिंतीच्या लहानशा झटक्यातही तो तुटू शकतो. हृदयाचा बाकीचा स्नायू शाबूत असल्याने ते जिवाच्या आकांताने आकसत राहतं. कप्पा जोरात रिकामा होतो, पण अर्धंअधिक रक्त उलट फुफ्फुसांकडे जातं. अशा वेळी ईएफ साठ-पासष्ट असतो आणि माणूस मरणाच्या दारात असतो. पंपिंग चांगलं आहे म्हणून निर्धास्त झालेल्या नातेवाइकांना हे समजावणं किती अवघड असेल!

दुसरा प्रसंग आपल्याकडे नेहमीचा. छातीत दुखलं की घरातली सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली जाते. पण खालच्या भिंतीच्या झटक्यात उजवा कप्पाही सापडला असेल तर त्याला पुरेसं रक्त आत येण्याची गरज असते, आणि या गोळीने रक्तवाहिन्या सैल होऊन नेमकं तेच कमी होतं. रक्तदाब झपाट्याने कोसळतो. इकोवर उजवा कप्पा फुगलेला आणि मंदावलेला दिसला की डॉक्टर अशी औषधं टाळतात, जपून सलाईन देतात. छातीत दुखणारा प्रत्येक माणूस झटक्याचाच नसतो, हेही इको दाखवतो. महाधमनीचा आतला पदर फाटला असेल आणि गुठळी विरघळवणारं औषध दिलं, तर रुग्ण हातचा जातो. तो फाटलेला पदर काही वेळा साध्या इकोतही फडफडताना दिसतो.

इथवरचं सगळं पहिल्या इकोचं. माझं खरं गाऱ्हाणं दुसऱ्याबद्दल आहे, जो बहुतेकांचा होतच नाही.

१९८२ साली ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी दाखवून दिलं की रक्तपुरवठा परत सुरू झाला तरी स्नायू काही दिवस, कधी काही आठवडे, सुन्न पडून राहतो. तो जिवंत असतो, पण हलत नाही. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या ईएफमध्ये मेलेला आणि सुन्न पडलेला स्नायू एकत्र मोजला जातो. कोणता किती, हे काळच सांगतो. धमनी वेळेवर उघडली असेल तर सहा आठवड्यांनी चाळीसचे पन्नास-पंचावन्न झालेले दिसतात. उशीर झाला असेल तर उलट घडतं. मेलेला भाग पातळ होऊन पसरतो, कप्पा मोठा होत जातो, ईएफ आणखी उतरतो. १९९२ सालच्या सेव्ह या अभ्यासात झटक्यानंतर ईएफ ४० किंवा त्याखाली असलेल्या २,२३१ रुग्णांपैकी निम्म्यांना कॅप्टोप्रिल हे औषध दिलं होतं. त्यांच्यातले मृत्यू २५ टक्क्यांवरून २० वर आले. त्यातल्याच ५१२ जणांचे इको पुन्हा पुन्हा काढले, तेव्हा ज्यांचा कप्पा मोठा होत गेला त्यांच्यावरच पुढची संकटं जास्त आली. कप्पा मोठा होतोय हे एका चित्रात कळत नाही, त्याला दोन चित्रं लागतात.

अचानक मृत्यू रोखणाऱ्या यंत्राचा, आयसीडीचा, निर्णयही दुसऱ्या इकोवर ठरतो. २००२ च्या मॅडिट-दोन अभ्यासात जुना झटका आणि ईएफ ३० किंवा कमी अशा १,२३२ रुग्णांत या यंत्राने मृत्यू १९.८ वरून १४.२ टक्क्यांवर आणले. मग झटक्यानंतर लगेचच ते का बसवू नये? २००४ च्या डिनामिट अभ्यासात ६ ते ४० दिवसांच्या आत बसवून पाहिलं. एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. आणि तरीही पहिला महिना सगळ्यात वाईट असतो. व्हॅलियंट अभ्यासातल्या १४,६०९ रुग्णांत अचानक मृत्यूचं आणि हृदय बंद पडण्याचं प्रमाण पहिल्या तीस दिवसांत महिन्याला १.४ टक्के होतं, दोन वर्षांनंतर ते ०.१४ वर आलं. शवविच्छेदनांतून कळलं, की सुरुवातीच्या पुष्कळ मृत्यूंमागे नवा झटका किंवा भिंत फुटणं होतं, ज्याला या यंत्राचा विजेचा धक्का उपाय नाही. म्हणून निदान चाळीस दिवस थांबायचं, गोळ्या नीट घ्यायच्या, पुन्हा इको काढायचा आणि मग ठरवायचं, ही रीत पडली.

आपल्याकडे तो पुन्हा इको का होत नाही? भारतातल्या ८९ केंद्रांवरच्या २०,४६८ रुग्णांची क्रिएट ही नोंद २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. छातीत दुखू लागल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटं होता. सहा तास! त्यानंतर रुग्णवाहिका, ईसीजीची सोय, अँजिओप्लास्टी यांत पुष्कळ सुधारणा झाली, पण वाडीवरून तालुक्याला आणि तालुक्यावरून जिल्ह्याला जाताना तास अजूनही निसटतात. उशिरा पोचलेल्या हृदयाला दुसऱ्या इकोची गरज सगळ्यात जास्त, आणि परतीचा रस्ताही त्याचाच लांबचा. ज्यांच्याशी बोललो त्यांचं म्हणणं सारखंच होतं. आता बरं वाटतंय, दम लागत नाही, कारखाना सुरू झालाय, कशाला जायचं? डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी असते, 'तेल-मीठ कमी' असतं, 'ईएफ ४०%' असतं. पुन्हा इको कधी, हे मी पाहिलेल्या फार थोड्या कार्डांवर होतं.

इको माणसाकडे नेता आला असता. खिशात मावणारे प्रोब निघाले आहेत. पण भ्रूणाचं लिंग दिसू शकेल असं प्रत्येक सोनोग्राफी यंत्र, इकोचंसुद्धा, गर्भलिंगनिदानबंदी कायद्याखाली नोंदवावं लागतं आणि फिरत्या यंत्रांवर कडक बंधनं आहेत. असा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ चा. ज्या कारणासाठी तो आला ते कारण संपलेलं नाही, त्यामुळे तो सैल करा असं मी म्हणणार नाही. फक्त हृदय पाहणारा प्रोब ग्रामीण रुग्णालयात नोंदणीसह, जबाबदार डॉक्टरच्या हाती मिळण्याची वाट सोपी व्हायला हवी.

दुसरा इको न झाल्याचा आणखी एक तोटा कोणी मोजत नाही. 'त्यांचं पंपिंग पस्तीसच आहे' हे वाक्य घरात वर्षानुवर्षं राहतं. माणसाला मोटारसायकल देत नाहीत, जिना चढू देत नाहीत, शेतावर एकटं पाठवत नाहीत. नवरा-बायकोत न बोललेली भीती बसते. त्याचं हृदय कदाचित दोन महिन्यांतच सावरलेलं असतं, पण कोणी पाहिलेलंच नसतं.

दुसऱ्या वेळी जाताना पहिल्याचा कागद आणि सीडी बरोबर न्यावी, जमल्यास त्याच ठिकाणी जावं. डोळ्यांच्या अंदाजाने काढलेला ईएफ दोन डॉक्टरांत पाच-दहा टक्क्यांनी सहज बदलतो. चाळीसचे चव्वेचाळीस झाले म्हणजे हृदय सुधारलं असं नाही आणि चाळीसचे सदतीस झाले म्हणजे बिघडलं असंही नाही. डॉक्टरांना विचारायचं ते असं. कप्पा मोठा झालाय का? टोकाची भिंत हलू लागलीय का? झडप गळते का? गुठळी आहे का? आतला दाब उतरलाय का? आणि यातल्या कशामुळे माझ्या गोळ्या बदलणार आहेत?